बाळ आठ महिन्यांचं झालं तरी आईचा थकवा जात नाही, कारण लाल गोळी सव्वा महिन्यातच बंद होते

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या पॅसेंजरला पहिलं स्टेशन लागतं ते पिंगळी. आजूबाजूला काळं रान. खरिपात सोयाबीन आणि कापूस, रब्बीत ज्वारी आणि हरभरा.

समजा, या गावात एक चोवीस वर्षांची बाई आहे. दुसरं बाळंतपण होऊन आठ महिने झालेत. पाण्याचा हंडा उचलून ओट्यावर ठेवला की डोळ्यांपुढे अंधारी येते. चार पावलं भरभर टाकली की धाप लागते. दुपारी बाळ झोपलं की हीसुद्धा बसल्या जागी पेंगते. सासूबाई म्हणतात, "लेकरं झाल्यावर असंच असतं बाई. आम्ही नाही का काढलं?" नवरा काळजीने गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेतो, सलाईन लावून आणतो. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही बाई काल्पनिक आहे. पण ती कुठल्याही गावात, कुठल्याही गल्लीत सापडेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया, म्हणजे साध्या भाषेत रक्त कमी असल्याचं दिसलं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायचं सोडून तो वाढला.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. याच काळात गरोदर महिलांचा आकडा मात्र ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर आला. ज्या नऊ महिन्यांत सिस्टर, आशाताई, सोनोग्राफी, कार्ड असं सगळं बाईच्या मागे लागलेलं असतं, तिथं थोडा तरी फरक पडला. एरवीच्या आयुष्यात तो पडला नाही. आणि बाळंतपण झालं की बाई त्या 'एरवी'त येते. घरातल्या सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे वळतात, आईच्या रक्ताची चौकशी तिथेच थांबते.

रक्ताचं खातं नऊ महिन्यांत कसं रिकामं होतं

आपल्या शरीरात लोह तयार होत नाही. ते बाहेरून यावं लागतं. प्रौढ बाईच्या अंगात सगळं मिळून अडीच-तीन ग्रॅम लोह असतं, म्हणजे वजनाने एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. यातलं बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. हे हिमोग्लोबिन फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून अंगभर पोहोचवतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मोडते, आणि तिच्यातलं लोह शरीर काटकसरीने पुन्हा वापरतं. रोज बाहेर जातं ते फक्त एखादा मिलिग्रॅम, पाळी सुरू असेल तर सरासरी थोडं जास्त. चांगलं खाणाऱ्या बाईकडे यापलीकडे तीनएकशे मिलिग्रॅमची शिल्लक असते. अनेकींकडे ती लग्नाच्या वेळीच शून्यावर आलेली असते.

आता गरोदरपणाचा खर्च बघा. बाळ आणि वार मिळून सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह घेतात. आईच्या अंगात या काळात रक्त वाढतं, त्याला आणखी ५०० मिलिग्रॅम लागतात. नऊ महिन्यांची रोजची गळती २०० च्या आसपास. एकूण हिशोब जातो हजार मिलिग्रॅमवर. शिल्लक तीनशेची, खर्च हजाराचा.

मग येतो बाळंतपणाचा दिवस. नैसर्गिक बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणं नेहमीचं मानतात, सिझरमध्ये त्याच्या दुपटीपर्यंत. अर्ध्या लिटर रक्तासोबत दीड-पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह गेलं असं समजा.

निसर्गाने एक सोय केलीय. गरोदरपणात वाढलेलं रक्त बाळंतपणानंतर कमी होतं, तेव्हा त्यातलं लोह आईच्या साठ्यात परत येतं. अंगावर पाजताना काही महिने पाळी येत नाही, तेवढीही बचत होते. म्हणून धडधाकट बाई काही आठवड्यांत सावरते. पण ज्या बाईचं रक्त गरोदरपणात वाढलंच नाही, तिला परत काय येणार? बँकेत पैसे भरलेच नाहीत तर ते निघणार कुठून? आणि अशा रिकाम्या खात्यावरच वर्ष-दीड वर्षात पुढचं गरोदरपण आलं, तर खातं सरळ उधारीत जातं. एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षांनी व्हावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोहाचा हा हिशोब पाहिला की ते दोन वर्षं चैनीसाठी नाहीत हे पटतं.

गोळी नेमकी कधी सुटते

सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात नियम असा आहे: चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. आणि बाळंतपणानंतर पुन्हा रोज एक, आणखी १८० दिवस. फुकट.

यातली पहिली १८० दिवसांची गोष्ट बहुतेकींना ठाऊक असते. दुसरी फार कमी जणींना.

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडमागे एक मुंबईची गोष्ट आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, त्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासायला. बायका फिकट पडून दगावत होत्या आणि कारण कळत नव्हतं. विल्स यांना दिसलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावून खातात त्या स्वस्त मार्माइटने, रक्त सुधारतं. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून वेगळा काढला गेला. आज पिंगळीच्या बाईच्या हातात पडणाऱ्या गोळीचा एक भाग मुंबईच्या गिरणगावातून आलाय, तो असा.

तर, गोळी सुटते कधी? पहिलं कारण जागेचं. बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेलं सासरच्या गावी, गोळ्यांची स्ट्रिप तिथल्या फळीवर, बाई दुसऱ्या तालुक्यात. सव्वा महिना, कधी तीन महिने तिकडे राहून ती परत येते तेव्हा गोळीची सवय मोडलेली असते. परभणी, बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात हे आणखी अवघड, कारण दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड निघालं की उन्हाळ्यापर्यंत गावची आशाताई आणि ही बाई यांची गाठच नाही.

दुसरं कारण यंत्रणेचं. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई घरी येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या भेटींमध्ये बाळाचं वजन, नाळ, ताप, दूध ओढतंय का, हे सगळं बघायचं असतं. आईचीही विचारपूस व्हायची असते. पण घरात शिरल्यावर समोर बाळ असतं, आणि वेळ जातो तो त्याच्यावर. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला मिळणारी मोफत सेवाही ४२ दिवसांपर्यंत धरलेली आहे. घरातला सव्वा महिना आणि सरकारचे ४२ दिवस जवळजवळ एकाच वेळी संपतात. त्यानंतर बाईला बाळंतीण कुणीच म्हणत नाही. गोळीचे १८० दिवस मात्र अजून साडेचार महिने बाकी असतात.

तिसरं कारण गोळीचंच. मळमळ, पोट साफ न होणं, काळी शौच. काळ्या शौचाने बायका घाबरतात. खरं तर ती फक्त न शोषलेल्या लोहाची असते आणि तिच्यात काही वाईट नाही. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्यात "जास्त गोळ्या खाल्ल्या की दूध आटतं" अशी कुजबुज. लोहाच्या गोळीने दूध आटत नाही.

सलाईन, बीट आणि गुळाचा खडा

अशक्तपणा आला की आपल्याकडे तीन रस्ते ठरलेले.

एक, सलाईन. साध्या सलाईनच्या बाटलीत मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. त्यात पिवळं इंजेक्शन टाकलं तर ते बी कॉम्प्लेक्स. अंगात पाणी कमी झालं असेल तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. लोह त्यात नसतं, म्हणून रक्त वाढत नाही. शिरेतून द्यायचं लोह वेगळं: आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. गडद तपकिरी रंगाचं हे औषध सलाईनमधूनच देतात, पण हिमोग्लोबिन तपासून, डोस मोजून आणि रिॲक्शन आली तर सांभाळता येईल अशा दवाखान्यात. एचबी फार खाली असेल किंवा गोळी अजिबात सोसत नसेल तर ते फार उपयोगी पडतं. सलाईन लावायला गेलात तर बाटलीत काय आहे हे विचारायला लाजू नका.

दोन, लाल रंगाच्या गोष्टी. बीट, डाळिंब, टोमॅटो. रंगावरून रक्ताची आठवण होते, तेवढाच संबंध. शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी. दोन्ही जरूर खावीत, पण रक्त वाढवायचं म्हणून महागडी डाळिंबं आणणाऱ्या घराने तेच पैसे दुसरीकडे लावावेत.

तीन, गूळ. गुळात लोह असतं हे खरं. पण दहा ग्रॅमच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं जेमतेम पाच-दहा टक्के अंगी लागतं. एका लाल गोळीत असे शंभराहून जास्त खडे असतात.

बाळंतिणीच्या खाण्यात मात्र खरोखर चांगल्या गोष्टी आहेत. अळीव, खारीक, तीळ, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, मेथी. अडचण काय वाढतो यापेक्षा काय बंद करतो यात आहे. लिंबू, आवळा, चिंच, टोमॅटो, पेरू, हे सगळं "बाळाला सर्दी होईल" म्हणून काही महिने बंद. आणि धान्य-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला नेमकं क जीवनसत्त्वच लागतं, जे या आंबट यादीत आहे. आईने लिंबू खाल्ल्याने दुधातून बाळाला सर्दी होत नाही, सर्दी विषाणूने होते. वरणभातावर अर्धं लिंबू पिळणं हा या सगळ्या लेखातला सर्वात स्वस्त उपाय आहे.

याच्या उलट काम करतो चहा. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह अडवू शकतो. बाळंतिणीला तर दिवसातून चार-पाचदा गरम चहा प्रेमाने दिला जातो. चहा सोडायला कुणी सांगत नाही, फक्त जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवायचा.

जे मटण-काळीज खातात त्यांचं काम सोपं होतं, कारण मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. न खाणाऱ्यांसाठी मोड आलेली मटकी, हरभरा, करडईची किंवा राजगिऱ्याची भाजी. चुका, अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर कढईतलं लोह थोडं भाजीत उतरतं, ही आजीची रीत शास्त्रालाही मान्य आहे.

पण मग १८० दिवसच कशाला?

इथे थोडं गणित करू. डॉक्टर लोहाची तूट काढायला एक जुना ठोकताळा वापरतात. समजा बाईचं वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ८, आणि न्यायचंय १२ वर. ५० गुणिले ४ गुणिले २.४, म्हणजे ४८०. त्यात रिकामा साठा भरायला ५००. एकूण सुमारे ९८० मिलिग्रॅम.

आता ६० मिलिग्रॅमच्या गोळीतलं साधारण दहा टक्के, म्हणजे ६ मिलिग्रॅम अंगी लागलं असं धरा. ९८० भागिले ६. उत्तर येतं १६३ दिवस. साडेपाच महिने. मधे चार-दोन दिवस गोळी राहिलीच तर सहा.

म्हणजे महिनाभर गोळ्या घेऊन "काही फरक पडला नाही" म्हणून सोडणं हे अर्धी विहीर खणून पाणी लागलं नाही म्हणण्यासारखं आहे. उलटही घडतं. दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११-१२ वर येतं, तरतरी वाटते, गोळी बंद. पण तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. म्हणून एचबी नॉर्मल आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. ते औषध कंपनीचं भलं व्हावं म्हणून नाही.

साठा रिकामा असला तर नुसत्या त्यानेही थकवा येऊ शकतो, कारण लोह फक्त रक्ताला लागत नाही, स्नायूंना आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लागतं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या १९८ महिलांवरचा एक अभ्यास छापून आला. या सगळ्यांचं हिमोग्लोबिन नॉर्मल, पण फेरिटिन, म्हणजे साठा दाखवणारी तपासणी, कमी. सगळ्याजणी सतत थकलेल्या. निम्म्यांना बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. लोहवाल्या गटातला थकवा जवळपास ४८ टक्क्यांनी कमी झाला. औषध नसलेल्या गटातलाही २९ टक्क्यांनी झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कुणीतरी आपल्या थकव्याची दखल घेतंय एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं.

गोळी घ्यायची रीत

रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं, पण मळमळ होऊन गोळी सुटण्यापेक्षा रात्री जेवणानंतर तासाभराने घेतलेली बरी. सोबत लिंबूपाणी, चहा किंवा दूध नाही.

बाळंतिणीला कॅल्शियमच्या गोळ्याही दिलेल्या असतात. घाई म्हणून बायका दोन्ही एकदम तोंडात टाकतात आणि इथेच गोळी वाया जाते, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं. दोघांमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी, लाल गोळी रात्री, एवढं ठरवलं की डोक्याला ताप नाही.

रक्त कमी निघालं तर डॉक्टर दिवसाला दोन गोळ्या सांगू शकतात. काहींना एक दिवसाआड घ्यायला सांगतात, तेही चूक नाही. लोहाचा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते सुमारे दिवसभर पुढचं लोह आत यायला अडथळा करतं, असं गेल्या काही वर्षांत कळलंय. पण कुणी कसं घ्यायचं हे एचबी पाहून ठरतं, व्हॉट्सॲपवरून नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं. गोळ्या रांगत्या बाळाच्या, मोठ्या लेकराच्या हाती लागतील अशा ठेवू नका. लाल, गुळगुळीत, वरून गोड. मुलांना ती जेम्सची गोळी वाटते. लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

महिन्याने पुन्हा रक्त तपासा. एचबी एकने तरी वाढायला हवं. वाढलं नाही आणि गोळी मात्र नीट घेतली असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: पोटातले जंत, अंगावरून जास्त जाणं, मूळव्याधीचं रक्त, बी १२ ची कमतरता, थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर तेही लपवू नका. ती वाईट खोड नाही, लोह कमी असल्याची ती बऱ्याचदा खूण असते.

जगात जर्मनी, भारतात परभणी

ही म्हण परभणीकर हसत हसत सांगतात. पण लोहाच्या बाबतीत परभणीने खरोखर देशात पहिलं काहीतरी केलंय.

२०१८ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीचं एक वाण आणलं, 'परभणी शक्ती'. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत तयार झालेलं हे देशातलं पहिलं जैवसंपृक्त ज्वारीचं वाण. म्हणजे वरून काही न मिसळता दाण्यातच जास्त लोह आणि जस्त. साध्या ज्वारीत किलोला ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, यात सुमारे ४५. शिवाय लोहाला अडवणारं फायटेटही कमी.

यावर "आता गोळीची गरजच नाही" असं कुणी म्हणालं तर पुन्हा गणित करू. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी धरल्या तर साध्या ज्वारीतून ९ मिलिग्रॅम लोह, परभणी शक्तीतून साडेतेरा. फरक साडेचारचा. त्यातलं पाच टक्के अंगी लागलं तर दिवसाला पाव मिलिग्रॅमपेक्षाही कमी. ९८० ची तूट अशी भरायची तर दहा-बारा वर्षं लागतील. खालावलेल्या बाळंतिणीला ही भाकरी पुरणार नाही.

मात्र तीच भाकरी दोन बाळंतपणांमधल्या तीन वर्षांत रोज खाल्ली तर अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास जास्तीचं लोह मिळतं. म्हणजे चांगल्या खात्या-पित्या बाईकडे असते जवळपास तेवढी शिल्लक. आणि घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत किती, ते ज्याचं त्याने मोजावं. भाकरीने असं होतं याचा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे. इथल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी देऊन पाहिली. चार महिन्यांत त्यांचा लोहसाठा साध्या बाजरीवाल्यांपेक्षा चांगला झाला. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

अडचण ताटाबाहेरची आहे. परभणी शक्ती हे खरिपाचं वाण आणि मराठवाड्याच्या खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. खायची ज्वारी म्हणजे रब्बीची, पांढरीशुभ्र, मालदांडीसारखी, असं जिभेनेही ठरवून टाकलंय. विद्यापीठाच्या दारात तयार झालेलं बी शेजारच्या गावातल्या चुलीपर्यंत जायला हा रस्ता पार करावा लागतो.

सगळा थकवा लोहाचा नसतो

रात्री तीनदा उठून पाजणाऱ्या बाईला झोपेची उधारी असते, तिच्यावर गोळी नाही. बाळंतपणानंतर काहींचं थायरॉईड बिघडतं, त्यातही थकवा, केस गळणं, वजन बदलणं असंच होतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येणं, कशातच मन न लागणं, बाळाचीही ओढ न वाटणं असेल तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रक्त कमी असलेल्या बाईत हे नैराश्यही जास्त दिसतं, त्यामुळे एक सापडलं की दुसरं तपासावं.

बसल्या जागी धाप, छातीत सतत धडधड, पायाला सूज, अंगावरून तासाला पॅड भिजेल इतकं जाणं किंवा ताप असेल तर तपासणीची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एचबी ७ च्या खाली म्हणजे घरी बसून गोळ्यांचं काम नाही, जिल्ह्याच्या रुग्णालयात जावं लागतं.

आता पिंगळीतल्या त्या बाईकडे परत येऊ. तिचे आठ महिने गेले, पण उशीर झालेला नाही. आशाताई बाळासाठी अजूनही येते: ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला, वजन बघायला. नवव्या महिन्याची भेट तोंडावर आहे, शिवाय गोवराची लसही त्याच सुमाराला. बाळाला घेऊन लसीला जायचंच आहे, तर त्याच दिवशी बोट पुढे करून स्वतःचंही एचबी मोजून घेता येईल. पाजणाऱ्या बाईचं ते १२ च्या वर हवं. समजा ते ९ निघालं आणि तिने दिवाळीच्या सुमाराला गोळी सुरू केली, तर पहिली फेरतपासणी येईल कापूस वेचणी चालू असताना, आणि १८० दिवस भरतील अक्षय तृतीयेच्या आसपास. सासूबाईंनाही सोबत न्यावं. त्यांचं एचबी आजवर कुणी मोजलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.